पैलवानाची बारीक रेघ

जाड अक्षर म्हणजे ठळक अक्षर, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं. "मॅडम, जरा बोल्ड करा की," हे मी मराठीत, कन्नडात, हिंदीत आणि पुण्याहून नव्याने आलेल्या मुलांच्या इंग्रजीत इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं तरी मला पुढचं कळतं. आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी माझ्या क्षेत्रातल्या वाटचालीबद्दल लिहायला सांगितलं. वाटचाल कसली डोंबलाची! जन्मभर खुर्चीत बसून अक्षरं काढली, खुर्च्या तेवढ्या बदलल्या. त्यापेक्षा एका फाँटची गोष्ट सांगते, ती ऐका.

आधी धंदा समजावून सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेला अजून वाटतं की मी लग्नपत्रिकांवर नावं लिहून देते. तुमच्या फोनवर, पाटीवर, पिशवीवर जी अक्षरं उमटतात ती आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी प्रत्येक अक्षर, प्रत्येक वेलांटी, प्रत्येक जोडाक्षर बसून काढलेलं असतं. इंदिरानगरात एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलाच्या, वरच्या मजल्यावर आमचा छोटा स्टुडिओ आहे. खाली डोशाचा तवा, वर आम्ही. कन्नड अक्षरं गिरीश काढतो, देवनागरी मी. गिरीश माझ्याहून बराच लहान, पण भांडतो बरोबरीने.

काही वर्षांपूर्वी रेशमी साड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं काम आलं. त्यांना होर्डिंगसाठी इंग्रजी, कन्नड आणि महाराष्ट्रातल्या शाखांसाठी मराठी अशा तिन्ही लिप्यांत एकच वळण हवं होतं. इंग्रजीचा नमुना ठरलेला होता: दोनेकशे वर्षांपूर्वी विलायतेत भिंतीवरच्या जाहिरातींसाठी जे धिप्पाड अक्षर निघालं, त्या घराण्यातला. उभी रेघ अंगठ्याएवढी जाड आणि आडवी रेघ केसाएवढी. टोकांना ज्या पट्ट्या असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्याही केसाएवढ्याच. पैलवानाने पायात नाजूक चपला घालाव्यात तशा. फाँटचं खरं नाव इंग्रजी आणि भारदस्त होतं. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो.

आता आपली देवनागरी बोरूची. बोरूचा काप तिरका, त्यामुळे जाड-बारीक तिरकं पडतं आणि शिरोरेषा चांगली भरदार निघते. पैलवानाचा कायदा निराळा: आडवं ते सगळं बारीक. म्हणजे शिरोरेषा केसाएवढी, आणि तिला लटकलेले हे हत्तीच्या पायांसारखे काने! मी आठवडाभर चिडचिड केली. गिरीशचं बरं होतं, कन्नडला शिरोरेषाच नाही, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपलं एक मुंडासं, त्याला ते तलकट्टु म्हणतात. त्याची गोल गोल अक्षरं पैलवानाच्या अंगात अशी बसली की मला मत्सर वाटला. मग हट्टाने मीही बसवली. मराठीचा खास असा एक अर्धा र आहे, तऱ्हा, दऱ्या, गिऱ्हाईक यांतला, पापणीएवढा. हिंदीवाले तो विसरतात. मी तो मुद्दाम काढला, इतका नाजूक, की गिरीशने पडद्यावर तो मोठा करून पाहिला आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला फार अभिमान वाटला.

पहिलं होर्डिंग हेब्बाळच्या फ्लायओव्हरपाशी लागलं. आम्ही दोघं रिक्षा करून बघायला गेलो आणि रस्त्याच्या कडेला मान वर करून उभे राहिलो. अक्षरं पुरुषभर उंच होती. तो काळा उभा खांब आणि त्याला बिलगलेली ती एवढीशी रेघ, एकाच अक्षरात! इतकं बळ आणि इतका जपून टाकलेला हात एका जागी मी कधी पाहिला नव्हता, आणि त्यातलं निम्मं आमच्या स्टुडिओत घडलेलं होतं यावर विश्वास बसेना. अंगावर काटा आला. गिरीशने तर चक्क हात जोडले. रिक्षावाल्याला वाटलं, वर देवीचा फोटो आहे.

पण पैलवानाला मैदान लागतं. माजघरात आणलात तर तो भांडीच फोडणार. हे लोकांना सांगून पटत नाही. बेळ्ळंदूरला एका पुण्याच्या मुलाने मराठी खाण्याचं दुकान काढलं आणि मी नको नको म्हणताना अख्खं मेन्यूकार्ड पैलवानात छापून घेतलं, बारीक टायपात. छापताना केसाएवढ्या रेघा उडाल्या. धिरड्याचं घिरडं झालं आणि वरणभाताचा वरणमात. तो मला फोन करून म्हणाला, लोक विचारतायत मात म्हणजे नॉनव्हेज आहे का. मी त्याला छपाईवाल्याकडे पाठवलं आणि दोन दिवस हसले. माझं हसू माझ्याच अंगावर येणार होतं, ते पुढे.

गेल्या वर्षी एका सकाळी जिन्यावर कुणीतरी धापा टाकत येतंय असं ऐकू आलं. एक रिक्षावाला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरून वर आला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि "स्वल्प नोडकोळ्ळी, अम्मा," जरा लक्ष ठेवा, म्हणून निघून गेला. ते होते इनामदार काका. मंडळाच्या गणपतीत मी त्यांना लांबून पाहिलेलं. सरकारी विमान कारखान्यात ते यंत्रांचे नकाशे तपासायचे. केसाच्या रुंदीची चूक पकडायची, ही त्यांची नोकरी. आणि आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज झाली होती. समोर बघितलं की मधे धुरकट डाग, कडेकडेनं थोडं दिसायचं. म्हणून ते माझ्याशी बोलताना मान वळवून गिरीशकडे बघत होते आणि गिरीश बिचारा उगाच माना डोलवत होता.

जुन्या बेंगळुरी घरांतल्या सवयीने ते मला अक्का म्हणाले, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून. हेब्बाळला त्यांच्या बाल्कनीतून ते होर्डिंग दिसायचं. वर्षभरात त्यांनी जे काही स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं, ते एवढंच: त्यावरची कन्नड अक्षरं. दुकानात फोनवर फोन करून त्यांनी आमचा पत्ता मिळवला होता. त्यांना विचारायचं होतं की असंच मराठीत मिळेल का.

काम असं होतं. त्यांच्या नातीचं, मुक्ताचं लग्न ठरलं होतं. इनामदारांच्या घरात प्रत्येक लग्नाची मंगलाष्टकं काकांनी रचलेली आणि अंतरपाटाशी उभं राहून, हातात कागद धरून त्यांनीच वाचलेली. साखरपुड्यात गुरुजींनी सवयीने त्यांच्या हातात नावांचा कागद दिला. काकांना एक अक्षर दिसेना. सगळं घर बघत होतं. शेवटी मुलाने, प्रसादने, हळूच कागद काढून घेतला. त्या दिवसापासून घरात पेपर त्यांच्या समोर ठेवणं बंद झालं, ताटातला भातही कुणीतरी कालवून देऊ लागलं. लग्नासाठी प्रसादने तोडगा काढला होता, की बाबा, तुम्हाला पाठच आहे, नुसता कागद हातात धरा आणि म्हणा, कुणाला कळतंय!

हे सांगताना काकांचा आवाज बदलला. "कोरा कागद धरून नाटक करायचं, अक्का? मला एकदा सगळ्यांच्या देखत वाचायचंय. नंतर जाऊ दे काय जायचंय ते."

खरं तर मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं की अशा डोळ्यांना सगळीकडे सारख्या जाडीचं साधं अक्षर बरं. सांगितलंही. तसं काढून दाखवलं. पण सारख्या जाडीचं अक्षर मोठं केलं की त्यांना त्याचा गोळा दिसायचा. आतली पोकळी बुजायची. पैलवानात मात्र दोन काळ्या खांबांच्या मधे भरपूर पांढरं मोकळं राहतं. त्यांचे डोळे त्या पांढऱ्यात पाय ठेवून चालायचे. जाणकारांची मतं काही असोत, त्यांना पैलवान दिसत होता, आणि मला आतून फार बरं वाटलं हेही खरं.

काकांनी सुनेला सांगून मंगलाष्टकं आधीच फोनवर टाइप करून घेतली होती, लग्नाला खूप अवकाश असताना. का, तर रचलेलं विसरायला वेळ मिळावा म्हणून! मी पहिल्या कडव्याच्या ओळी मोठ्या कागदावर पैलवानात छापल्या, एकेक अक्षर तीन बोटं उंच. त्यांनी खिडकीशी उभं राहून, मान तिरकी करून, खड्या चालीत वाचलं. शेवटची ओळ मला तेव्हाच आवडली: "दोघांचे सुख हे घुमो गगनि या, रानी, दऱ्या-सागरी." आणि मग घुमवून शुभमंगल सावधान. मी टाळ्याच वाजवल्या. गिरीशने मला बाजूला घेतलं आणि कन्नडात म्हणाला की त्या कागदावर सावधान कुठेय? मी बघितलं. चार ओळीच बसल्या होत्या. शुभमंगल सावधान पुढच्या कागदावर होतं आणि तो अजून छापायचा होता.

मी तापट बाई आहे. मी तिथल्या तिथे विचारलं. काका खाली बसले. म्हणाले, काळं काहीतरी दिसत होतं, जिथे अडलं तिथे तोंडाने ओढून नेलं. एवढा मोठा माणूस, शाळेत कॉपी पकडल्यासारखा बसला होता. मला माझीच लाज वाटली, पण त्यांनी मला चुचकारू दिलं नाही. म्हणाले, मला ठाऊक नसलेलं काहीतरी छापा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल.

मी मनाला येईल ते छापलं: धोब्याच्या घरी भाकरी मऊ. काकांनी मान तिरकी केली, पुष्कळ वेळ घेतला आणि वाचलं, "घोब्याच्या घरी माकरी मऊ." आम्ही तिघं हसलो, आणि हसता हसता मला ते मेन्यूकार्ड आठवलं. वरणमात! छपाईवाल्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक केवढासा? शिरोरेषेतली एक फट आणि डोक्याशी एक गाठ. पैलवानात या दोन्ही गोष्टी मी केसाएवढ्या काढल्या होत्या. काकांच्या डोळ्यांना केस दिसतच नव्हता. त्यांना फक्त खांब दिसत होते, आणि खांब सगळ्यांचे सारखेच.

त्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या अक्षरांकडे पहिल्यांदा नीट बघितलं असं म्हणा. पडद्यावर मी बारीक रेघा पुसून टाकल्या आणि फक्त जाड तेवढं ठेवलं. समोर उरली नुसती काळ्या खुंट्यांची रांग. कुठे काय लिहिलंय ते मलाही कळेना, मी काढलेलं असून. इतकी वर्षं लोक बोल्ड करा म्हणत आले आणि मी जाडी वाढवत आले, आणि सगळा अर्थ बसला होता तो त्या कुणी न बघितलेल्या केसात. मी खुर्चीत मागे टेकून नुसती बघत राहिले. खाली दर्शिनीत कुणीतरी कॉफीसाठी ओरडत होतं, तेसुद्धा मला देवळातल्यासारखं वाटलं.

मग कामाला लागले. सगळ्या बारीक रेघा जाड करून भागणार नव्हतं, कारण मग आतलं पांढरं बुजलं असतं आणि पैलवान पुन्हा गोळा झाला असता. जिथे अर्थ अडतो तेवढीच रेघ भरायची. ध ची गाठ, भ ची गाठ, शिरोरेषेतली फट रुंद, थ आणि य मधला फरक, प आणि ष मधली तिरकी रेघ. काका दर थोड्या दिवसांनी यायचे आणि मी नवीन वाक्य छापायची. माधव भागला, घागर भरली. षट्कोनी पाटावर थाळी. प्रसादचे मला दोनदा फोन आले, की बाबांना उगाच आशा लावू नका, हॉलभर माणसांत फजिती झाली तर ते कोलमडतील. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी त्याला म्हटलं, सरी, ठीक आहे, बघू. दुसरं काय म्हणणार? घाबरलेली मीही होते.

शेवटची मंगलाष्टकं छापून मी गुंडाळी काकांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उघडूनही पाहिली नाही. आता बघितलं तर पुन्हा पाठ होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. नकाशे तपासणाऱ्या माणसाचा हा कडवेपणा मला कळतो.

लग्न हेब्बाळच्याच एका हॉलमध्ये होतं. अंतरपाट धरला. गुरुजींचं झालं आणि काका पुढे आले. प्रसाद त्यांच्या शेजारी फोन उघडून उभा होता. अडले तर हळूच सांगायला. काकांनी गुंडाळी सोडली आणि मान डावीकडे वळवली, असं की बघणाऱ्याला वाटावं ते वराच्या मामांकडे बघतायत. मी आणि गिरीश खांबाला टेकून उभे होतो.

त्यांनी सुरू केलं. सावकाश. पाठ म्हणणारा माणूस चालीवर तरंगतो, काका तसे तरंगत नव्हते. एकेका शब्दावर उतरत होते, पुढचा दिसला की उचलत होते. दुसऱ्या ओळीत मध्येच थांबले आणि प्रसाद तोंड उघडणार, तेवढ्यात पुढचा शब्द स्वतःच म्हणाले. हॉलमधली कुजबुज बंद झाली. मग ती ओळ आली. "दोघांचे सुख हे घुमो गगनि या, रानी..." इथे काका थबकले. भुवया वर गेल्या. कागद जरा जवळ घेतला. आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "दया-सागरी."

दऱ्या! तो अर्धा र! फाईलमध्ये मराठीचा तो र मूळ अक्षरांत नसतो, वेगळ्या कप्प्यात पडलेला असतो, आणि मी सगळ्या गाठी भरल्या, सगळ्या फटी रुंद केल्या आणि ज्याचा मला सगळ्यात अभिमान होता तो पापणीएवढा र तसाच केसाएवढा सोडला. माझ्या धोब्यांच्या आणि माधवच्या वाक्यांत तो एकदाही आला नव्हता. त्या र चा उच्चारावर भार पडत नाही, त्यामुळे चालही मोडली नाही. दऱ्या गेल्या आणि दया आली, आणि कुणाला पत्ता नाही. लोकांनी शुभमंगल सावधान म्हटलं आणि अक्षता टाकल्या. काही काकांच्या कागदावर पडल्या, त्या त्यांनी हलकेच झटकल्या आणि पुढचं कडवं घेतलं. शेवटपर्यंत वाचलं. मी अक्षता टाकल्या, त्या पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडल्या.

पंगतीत मी काकांपाशी गेले. मला रडू येत होतं आणि चार माणसांत रडायची मला चीड आहे, म्हणून मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की चूक माझी, एक र राहिला, तुमची ओळ मी बिघडवली. काका काही बोलायच्या आत प्रसाद पलीकडून आला. त्याच्या हातात फोन तसाच उघडा होता. त्याने सवयीने वडिलांच्या ताटातला भात कालवायला हात पुढे केला आणि मधेच थांबला.

"बाबा, पण इथे दऱ्या आहे," तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलेलं. तुम्हाला पाठ होतं की."

काकांनी मान वळवली आणि कडेच्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"तुझ्या फोनात असेल. माझ्या कागदावर दया होतं, मी दया वाचलं."

प्रसादने फोनातली ती ओळ पुन्हा एकदा पाहिली आणि फोन खिशात ठेवला. मग त्याने हात मागे घेतला, आणि काकांनी आपला भात आपणच कालवला.